महालातला जुना वाडा, दोन फुटी भिंती आणि वायफाय: आठ महिन्यांचा अनुभव

मी गणित शिकवते. आधी शाळेत शिकवत होते, आता घरूनच अकरावी-बारावीचे वर्ग घेते. निम्मी मुलं घरी येतात, निम्मी ऑनलाइन असतात. काटोल, उमरेड, भिवापूर, एक मुलगी तर गडचिरोलीहून जोडली जाते. तिच्या गावी नेट कधी असतं, कधी नसतं, तरी ती धडपडून वर्गाला बसते. माझ्या बाजूनं नेट तुटलं की मला फार वाईट वाटायचं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. ज्यांची घरं आमच्यासारखी जुनी आहेत त्यांना उपयोग होईल.

घर नागपूरच्या महाल भागात आहे. बडकस चौकातून आत वळलं की एक अरुंद गल्ली, तिच्यात आमचा वाडा. चुन्यातलं बांधकाम, भिंती दीड ते दोन फूट जाड. पुढे बैठक, मग मधली खोली, मग लहानसं अंगण, त्याच्या पलीकडे स्वयंपाकघर आणि त्यावर माडी. माझा वर्ग माडीवर भरतो, कारण तिथं गल्लीचा आवाज पोचत नाही. घरात चार माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि शिकायला आलेली भाची.

फेब्रुवारीत फायबरचं नवीन कनेक्शन घेतलं. १०० एमबीपीएसचा प्लॅन, महिन्याला ६९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२५ च्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही. गल्लीतल्या इतर घरांत वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं आहेत आणि जोडणीचा अनुभव सगळ्यांनी साधारण सारखाच सांगितला.

जोडायला दोन मुलं आली. खांबावरून काळी तार आणली, दाराच्या चौकटीवर भोक पाडलं आणि विजेच्या मीटरशेजारी, छताला लागूनच तो पांढरा डबा ठोकला. त्याला ओएनटी म्हणतात. फायबरमधून येणारा उजेड इथं नेटमध्ये बदलतो आणि त्याच डब्यातून वायफायही निघतं. तार तिथं आली म्हणून डबा तिथं बसला. एकानं डब्याखाली उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट काढली. ९७ आले. मला दाखवलं, माझ्याकडून ओटीपी घेतला, "मॅडम, पाच स्टार देऊन द्याल," म्हणाला आणि दोघं गेले. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली असतील. घरात नेट कुठं वापरता, कोण वापरतं, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही की आधी माडीवर चला म्हणावं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बैठकीत उत्तम चालायचं. सासूबाई टॅबवर कीर्तन ऐकतात, त्यांची काही तक्रार नव्हती. मधल्या खोलीत ठीक होतं. माडीवर मात्र सिग्नलच्या दोन कांड्या दिसायच्या आणि वर्ग सुरू झाला की त्यातली एक जायची. मी मोबाइलच्या डेटावर काम भागवत होते.

मग एप्रिल आला. नागपुरात एप्रिल आला की कूलर बसतात, त्यात नवल काही नाही. आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीत लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर बसतो. टाकीत पन्नास-साठ लिटर पाणी आणि तिन्ही बाजूंनी ओल्या वाळ्याच्या ताट्या. त्याच आठवड्यात मधल्या खोलीतलं नेटही रडायला लागलं आणि माडीवरचं तर बंदच पडलं. बारावीच्या वर्गात मी इंटिग्रेशनचं उदाहरण सोडवत होते आणि मुलांना माझा चेहरा अर्धा तास एकाच जागी गोठलेला दिसत होता. मी बोलतच राहिले होते. गडचिरोलीच्या मुलीनं रात्री निरोप पाठवला, "मॅडम, तिसऱ्या पायरीनंतर काही ऐकू नाही आलं." तो निरोप मला फार लागला.

तक्रार नोंदवली. फोनवरच्या माणसानं डबा बंद करून चालू करायला लावला. दुसऱ्या दिवशी एक जण आला. डब्याखाली उभं राहून पुन्हा तीच स्पीड टेस्ट, पुन्हा ९६-९७.

"मॅडम, नेट तं बराबर येऊन राहिलं."

"भाऊ, इथं येतं हो. वर चला ना माझ्यासोबत."

"वरचं कंपनीकडे नाही येत जी. आमचं काम डब्यापर्यंत."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला दिलेलं काम खरंच डब्यापर्यंतच होतं. पण संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मात्र मी ओटीपी दिला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. तक्रार मिटल्याची तुमची संमती म्हणजे तो ओटीपी. काम झालं नसेल तर तो देऊ नका. येणारा मुलगा अजीजीनं मागतो, त्याच्यावर वरून दबाव असतो हे मला कळतं, पण एकदा ओटीपी दिला की नोंदीत तुमचं म्हणणं संपतं. त्यानंतरही कोणी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मला तिथवर जावं लागलं नाही, पण क्रमांक लिहून भिंतीवर लावून ठेवला आहे.

मुलगा बंगळुरूला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "आई, दुसरा राउटर लाव वर." त्यानं ऑनलाइन बघून सांगितलं: टीपी-लिंकचा आर्चर सी६. मी घरपोच न मागवता बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन घेतला. वस्तू हातात धरून, दोन प्रश्न विचारून घ्यायची माझी सवय आहे. झाशी राणी चौकाच्या बाजूच्या एका लहानशा दुकानातून २,२९९ ला मिळाला, पक्क्या बिलासह. दुकानदार भाऊंनी पेटी उघडून दाखवली, बिलावर वस्तूचा सिरीयल नंबर लिहिला आणि विचारलं, "लावाचा कुठं आहे?" कुठं लावणार, हे इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. मी वाड्याचा नकाशा कागदावर काढून दाखवला. ते म्हणाले, "मग नुसता डबा नेऊन काही होणार नाही ताई. तार ओढावी लागन. मुलगा पाठवतो." मला वाटलं, फिटिंगचे पैसे काढायला सांगताहेत. म्हणून मी नको म्हणाले. इथं माझा अंदाज चुकला.

घरी येऊन व्हिडिओ कॉलवर मुलाच्या सांगण्याप्रमाणे राउटर मीच लावला. ओएनटीच्या शेजारी ठेवून छोट्या तारेनं जोडला आणि मोबाइलवर त्यांचं ॲप उतरवून पासवर्ड वगैरे केलं. दहा मिनिटांत नेट सुरू झालं, म्हणजे वस्तू लावायला सोपी आहे यात शंका नाही. पण माडीवर फरक पडला तो जेमतेम एका कांडीचा. शिवाय एक नवीनच अडचण उभी राहिली. बैठकीतल्या प्रिंटरवर मी वरून प्रश्नपत्रिका छापायची, तो प्रिंटर आता लॅपटॉपला दिसेना. आम्ही दोघांनी रात्री अकरापर्यंत डोकं लावलं. शेवटी दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला आणि म्हटलं, "भाऊ, मुलगा पाठवा."

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याबद्दल सांगते. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश. विशीतला मुलगा, डोक्याला दुपट्टा बांधून आला. सासूबाईंनी त्याला आधी पन्हं दिलं. ते पिऊन त्यानं विचारलं, "काकू, तुम्ही क्लास कुठं बसून घेता?" मी म्हटलं, वर. तो म्हणाला, "मग तिथून सुरू करू."

त्याच्या मोबाइलमध्ये सिग्नल मोजायचं एक ॲप होतं. माडीवर माझ्या खुर्चीत बसून त्यानं आकडा वाचला: उणे ८४. मग एकेक खोली करत खाली आला आणि प्रत्येक ठिकाणी थांबून आकडा सांगत गेला. मी वही घेऊन मागे. स्वयंपाकघर उणे ७८. मधली खोली उणे ७१. बैठक, डब्याखाली, उणे ३८. हे आकडे डीबीएममध्ये असतात. शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल जोरकस. या कामातला ठोकताळा असा की उणे ६७ पर्यंत असेल तर व्हिडिओ नीट चालतो, उणे ८० च्या खाली गेलं की भरवसा नाही.

आकडे लिहिताना माझ्या लक्षात आलं की हे डेसिबल आहेत, म्हणजे लॉगॅरिदम! दर १० डेसिबलला दहापट. ३८ आणि ८४ मध्ये फरक ४६ चा, म्हणजे दहाचा ४.६ वा घात. बैठकीत जेवढी शक्ती पोचते तिचा जवळजवळ चाळीस हजारावा हिस्सा माझ्या खुर्चीपर्यंत येत होता. कंपनीचा माणूस खाली उभा राहून "बराबर येऊन राहिलं" म्हणत होता आणि मी वर बसून "येत नाही" म्हणत होते. दोघंही खरं बोलत होतो, मध्ये चाळीस हजारांचं अंतर होतं. इतकी वर्षं मी मुलांना लॉगॅरिदम भूकंप आणि ध्वनीची उदाहरणं देऊन शिकवत आले. यंदा अकरावीला मी आमच्याच घराचे हे आकडे फळ्यावर लिहिले. मुलांनी आपापल्या घरी जाऊन मोजमाप करून आणलं.

मधल्या खोलीत तो मुलगा थबकला. खिडकीतल्या कूलरकडे बघितलं, बैठकीच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाला, "काकू, हा कूलर नव्हता तेव्हा इथं चालायचं ना?" मी हो म्हटलं. डबा दाराशी, मधल्या खोलीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत मध्ये लोखंडी पत्रा आणि साठ लिटर पाणी. धातू लहर परतवतो, पाणी ती शोषून घेतं. आम्ही दोघांनी मिळून कूलर चाकांवर दीड हात बाजूला ओढला आणि त्यानं पुन्हा मोजलं: उणे ५८. फरक १३ डेसिबलचा, म्हणजे जवळजवळ वीसपट. एप्रिलमध्ये नेट का बिघडलं, याचं उत्तर तिथं मिळालं. तीन वेळा आलेल्या माणसांपैकी एकाच्याही नजरेला तो कूलर पडला नव्हता. नागपुरात दर दुसऱ्या घरात असा कूलर आहे. ज्यांचं नेट फक्त उन्हाळ्यात कुरकुरतं त्यांनी डब्याची आणि कूलरची रेषा एकदा बघावी. लोखंडी आलमारीचंही तेच. आमच्या शेजारच्या काकांनी राउटर गोदरेजच्या मागे "दिसू नये म्हणून" ठेवला होता. तो बाहेर काढल्यावर त्यांचं निम्मं दुखणं गेलं.

मग राउटरची जागा. मला वाटलं, सरळ माडीवर ठेवावा. त्यानं छताकडे बोट दाखवलं. माडीवर टिनाचं छत आहे, दुपारी हात लावता येत नाही. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान सहसा ० ते ४० अंश दिलेलं असतं. टिनाखाली मे महिन्यात ते सकाळीच ओलांडलं जातं. म्हणून त्यानं जिन्याच्या मधल्या वळणावरची जागा निवडली. तिथं सावली असते, वारा खेळतो आणि वर माडीचं दार, खाली स्वयंपाकघर, दोन्ही दिसतात. मध्ये फक्त एक लाकडी पार्टिशन. राउटर भिंतीत कोंबायचा नाही, छताला चिकटवायचा नाही, छातीच्या उंचीवर मोकळा ठेवायचा, असं त्यानं सांगितलं.

बैठकीपासून जिन्यापर्यंत तार ओढायला दोन तास गेले. अंगणाच्या सज्जाखालून, पावसाचं पाणी लागणार नाही अशी, पाइपातून नेली. कॅट-६ तार, ३० मीटर, २२ रुपये मीटरनं ६६० रुपये. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे आमच्या घराला अंतराचा प्रश्न नव्हता. टोकाला जॅक बसवताना त्यानं आठही तारा बसवल्या आणि यंत्रानं तपासून आठ दिवे लागलेले मला दाखवले. काही जण चारच तारा जोडून मोकळे होतात. त्यावर १०० एमबीपीएसच्या पुढे जाता येत नाही. मग पुढे मोठा प्लॅन घेतला तरी वेग वाढत नाही आणि कारणही सापडत नाही. तुमच्या घरी कोणी तार ओढत असेल तर हे जरूर बघा.

प्रिंटर का दिसेना, तेही कळलं. माझ्या जोडणीत घरात दोन राउटर एकामागे एक झाले होते. कंपनीचा डबा आपलं जाळं चालवत होता, माझा राउटर त्याच्या आत दुसरं जाळं चालवत होता. प्रिंटर बाहेरच्या जाळ्यात, लॅपटॉप आतल्या. त्यानं टीपी-लिंकचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला. या मोडमध्ये राउटर नुसता वायफाय पसरवतो, प्रत्येक उपकरणाला जाळ्यातला पत्ता द्यायचं काम कंपनीच्या डब्याकडेच राहतं. घर एका जाळ्यात आलं आणि प्रिंटर लगेच दिसला. रात्री अकरापर्यंत जे सुटलं नव्हतं ते दोन मिनिटांत सुटलं. माझ्या मुलाला याचं फार वाईट वाटलं. मी त्याला सांगितलं, अरे, तू हजार किलोमीटर दूर बसून बघत होतास, हा मुलगा खोल्यांमधून फिरला.

चॅनेल, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यातले लहान भाग, त्यांचं थोडक्यात सांगते. आमच्या गल्लीत एका जागी उभं राहिलं तर चौदा वायफाय दिसतात आणि बहुतेक सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या सहाव्या चॅनेलवर. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. त्यानं पुढचा डबा १ वर आणि जिन्यावरचा ११ वर ठेवला. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकतो. आमच्या माडीला आता मध्ये जाड भिंतच नाही, म्हणून तिथं तोच वापरते. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली, कारण आमचा प्रिंटर फक्त २.४ च ओळखतो.

जाण्याआधी त्यानं पासवर्डकडे लक्ष वेधलं. कंपनीच्या मुलांनी वायफायचा पासवर्ड म्हणून माझाच मोबाइल नंबर टाकून ठेवला होता. माझा नंबर गल्लीतल्या प्रत्येक पालकाकडे आहे! आणि डब्याच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड तर डब्याच्या पाठीवर छापलेलाच चालू होता. दोन्ही बदलले. नवीन पासवर्ड टाइप करताना तो मान वळवून खिडकीकडे बघत उभा राहिला. मला ते फार आवडलं. घरी येणाऱ्या मुलांसाठी पुढच्या डब्यावर पाहुण्यांचं वेगळं नाव करून दिलं.

शेवटी त्यानं एक सल्ला दिला: "काकू, क्लासचा लॅपटॉप वायफायवर ठेवूच नका. राउटरच्या मागून तार द्या." त्याच्या दुकानाच्या वस्तूची शान कमी करणारा सल्ला होता हा. उरलेल्या तारेतून आठ मीटरचा तुकडा माडीवर नेला आणि लॅपटॉपला जोडला. ज्या टॅबवर मी लिहिते तो आणि मुलांचे मोबाइल वायफायवर. साडेचार तासांच्या कामाचे ५०० रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर घेतले नाहीत, म्हणाला, "दुकानात ठरलं तेवढंच."

आता राउटरबद्दल. आर्चर सी६ हा वायफाय ५ चा आहे, म्हणजे २०१३ मध्ये आलेल्या मानकावरचा. दुकानात वायफाय ६ चेही होते, थोडे महाग. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला आणि आमच्या आठ-दहा उपकरणांना मला त्याची गरज वाटली नाही. तुमचा प्लॅन ३०० च्या वर असेल, घरात पंधरा-वीस उपकरणं असतील, तर वायफाय ६ बघा. सी६ ची तार जोडायची चारही लॅन पोर्ट गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएसची आहेत हे मला महत्त्वाचं वाटलं. स्वस्तातल्या कित्येक राउटरची पोर्ट १०० वरच थांबतात, मग पेटीवर लिहिलेल्या हजार-बाराशेच्या आकड्याला अर्थ उरत नाही. तो १,२०० चा आकडाही समजून घ्या. दोन पट्ट्यांचे कागदावरचे वेग, ३०० आणि ८६७, मिळवून येतात १,१६७, ते वर ओढून १,२०० लिहितात. तुमच्या मोबाइलला तेवढे मिळतील असा त्याचा अर्थ नाही. तसंच १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हेत. आठानं भागा, साडेबारा मेगाबाइट. माझ्या मैत्रिणीनं सिनेमा उतरवताना १२ चा आकडा बघून कंपनीशी भांडण काढलं होतं, तिला हे समजावून सांगावं लागलं.

लाईट जाण्याचं काय, हा प्रश्न जूनमध्ये आला. वादळ सुटलं की आमच्याकडे लाईट जाते. घरात इन्व्हर्टर आहे, पण लाईट जाताना एक क्षणाचा झटका बसतो आणि तेवढ्यात डबा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्यात दोन-तीन मिनिटं जातात. वर्गात दोन-तीन मिनिटं फार असतात. म्हणून १२ व्होल्टचे लहान यूपीएस आणले, प्रत्येकी १,२००. ते दोन घ्यावे लागतात, एक ओएनटीला, एक राउटरला. आमच्याच नात्यातल्या एका घरी फक्त राउटरला लावला आहे. तिथं लाईट गेल्यावर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि नेट नसतं. घेताना अडॅप्टरवरचं व्होल्टेज आणि अँपिअर वाचून जुळवून घ्या.

मारबतीच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी खांबावरची तार तुटली. पोळ्याचा दुसरा दिवस, सगळं महाल रस्त्यावर. डब्यावरचा लाल दिवा लागला. त्या दिव्याखाली एलओएस असं लिहिलेलं असतं, म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही. अशा वेळी डबा बंद-चालू करण्यात अर्थ नाही, घरात काही बिघडलेलं नसतं, सरळ तक्रार करायची. मी फोनवर "लाल दिवा आहे, बाहेरची तार तुटली आहे" एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस येऊन जोडून गेला. आधीच्या तीन तक्रारींच्या मानानं हे काम चटकन झालं. नेमकं काय सांगायचं ते मला कळलं होतं, तेही एक कारण असावं. या वेळी ओटीपी आनंदानं दिला.

एक गोष्ट अजून पूर्ण जमलेली नाही. बैठकीतून माडीवर गेलं की माझा मोबाइल कधी कधी खालच्याच वायफायला चिकटून राहतो, जवळचा जोरकस सिग्नल सोडून. वायफाय बंद-चालू केलं की सुटतो. मेश नावाचा, सगळे डबे मिळून एकच जाळं करणारा प्रकार घेतला तर हे आपोआप होतं म्हणतात. त्यासाठी आणखी खर्च करायची माझी आत्ता तयारी नाही.

एकूण खर्च: राउटर २,२९९, तार ६६०, फिटिंग ५००, दोन यूपीएस २,४००. मिळून ५,८५९ रुपये. यातलं सगळ्यात मोलाचं काम फिटिंगच्या ५०० रुपयांत झालं, आणि नेमकं तेच मी आधी नाकारलं होतं. म्हणून माझे गुण असे देते: राउटरला पाचपैकी चार, बर्डीच्या दुकानाला पाच आणि त्या मुलाला, त्यानं न मागता, पाच. कंपनीला नेट येण्याचे चार. जोडणीचा मात्र एकच देते, आणि तो दुरुस्तीला चौथ्यांदा आलेल्या माणसासाठी.

आज ऑक्टोबरातली संध्याकाळ आहे, वर्गाआधी पुन्हा मोजलं. बैठक उणे ३९, मधली खोली उणे ५७, स्वयंपाकघर उणे ५२, माझी खुर्ची उणे ४९. तारेवरच्या लॅपटॉपला ९५ एमबीपीएस. कूलर आता खिडकीतून काढून ठेवला आहे. एप्रिलमध्ये तो परत बसेल तेव्हा वहीत नवीन रकाना आखेन.